अर्धी वर्दी

गेल्या महिन्यात अण्णांना पंचाहत्तर पूर्ण झाली. म्हणजे आमचे वडील. समारंभ वगैरे काही नाही, घरातलीच माणसं, बुवापाड्याच्या घरी जेवण आणि रात्री गप्पा. ताईची मुलगी त्याच दिवशी दिल्लीहून येणार होती आणि माझं ऑफिस अंधेरीला सीप्झमध्ये, म्हणून तिला विमानतळावरून घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं. (सव्वीस वर्षांच्या, स्वतः विमान चालवणाऱ्या मुलीला आणायला मामा कशाला लागतो, असं विचारायची सोय नव्हती. ताईपुढे कोण बोलणार?)

तर टी-टूच्या बाहेर मी उभा. नजर शोधत होती ती पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्टे, काळी टाय आणि मागून खडखडत येणारी छोटी बॅग. त्यातून आपली भाची ऐटीत चालत येणार, आजूबाजूचे चार लोक वळून बघणार आणि मी पुढे होऊन म्हणणार, "चल गं." हे सगळं मनात ठरवून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात खांद्याला कुणीतरी हात लावला. वळून बघतो तर करड्या रंगाची हुडी, कानात इयरफोन, केस विस्कटलेले. ही मघापासून समोरूनच येत होती आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

"अगं, युनिफॉर्म कुठाय?"

"हा काय. अर्धा आहे ना." तिने हुडीची चेन थोडी खाली ओढली. आत तोच पांढरा शर्ट होता, पण टाय गायब. खांद्यावर पट्टे अडकवायच्या कापडी पट्ट्या तेवढ्या रिकाम्या. "ते बॅगेत. विमानातून उतरले की पहिलं ते काढते."

मग बाहेरच्या कॉफीच्या दुकानापाशी तिने मला एक खेळ शिकवला. "मामा, ओळख बघू, इथे पायलट किती आहेत?" मला एकही दिसेना. तिने पाच मिनिटांत तिघे दाखवले. एकजण निळ्या स्वेटरमध्ये, पण स्वेटरच्या गळ्यातून पांढरी कडक कॉलर आलेली. एकजण टी-शर्टमध्ये, पण खाली काळी इस्त्रीची पँट आणि आरशासारखे चकचकीत बूट. टी-शर्टवर असे बूट कोण घालतं? तिसरा जाकिटात बसून सँडविच खात होता, त्याच्या बॅगेला 'क्रू' लिहिलेली पट्टी लटकत होती. "तो कॅप्टन असणार, चार पट्टे," ती म्हणाली. "कशावरून?" "वयावरून. आणि सँडविच सावकाश खातोय त्यावरून."

मी म्हटलं, एवढं कष्टाने मिळवलेलं लपवायचं कशाला? तिचं उत्तर तयार होतं. पट्टे दिसले की माणसं येतात. टॉयलेट कुठे, बेल्ट नंबर किती, माझी बॅग का नाही आली, कोलकात्याचं विमान किती वाजता. त्यात वाईट काही नाही, पण विमानं उशिरा असली की नूर बदलतो. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत इंडिगोच्या विमानात उशिराची सूचना देणाऱ्या पायलटला एका प्रवाशाने मारलं होतं, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाच आहे. आणि २०२५च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा तर विमानतळावर पांढरा शर्ट दिसला की लोक घोळका करत. कुठल्या कंपनीचा, कोण, कशाला येतोय, काही बघत नव्हते. "त्या आठवड्यात आम्ही सगळे हुडीवालेच होतो," ती म्हणाली.

नियम म्हणाल तर बहुतेक विमान कंपन्यांना हा अर्धा प्रकार आवडत नाही. घालायचा तर पूर्ण, नाहीतर पूर्ण उतरवा. पण बारा तासांनी बाहेर पडलेलं माणूस कपडे बदलायला थांबत नाही, पट्टे काढून मोकळं होतं.

पायलटचा हा वेश मुळात आला नौदलाकडून. सुरुवातीचे वैमानिक चामड्याचं जाकीट, गॉगल, गळ्याला मफलर अशा अवतारात असत. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीने आपल्या पायलटांना जहाजावरच्या अधिकाऱ्यांसारखे कोट आणि टोप्या दिल्या. पाण्यावर उतरणारी विमानं होती त्यांची, आणि समुद्र ओलांडायला घाबरणाऱ्या प्रवाशांना असं वाटायला हवं होतं की आपण कुणा साहसी पोराच्या नाही, कप्तानाच्या हातात आहोत. म्हणजे ते पट्टे पायलटसाठी नव्हतेच, बघणाऱ्यासाठी होते. बघणारा भुलतोही. २०१९ साली दिल्ली विमानतळावर लुफ्तान्साच्या पायलटचा गणवेश घालून फिरणाऱ्या एका भलत्याच माणसाला पकडलं होतं. त्याला विमान चालवायचं नव्हतं, नुसती तपासणीच्या रांगेतून झटपट सुटका हवी होती.

असो. भूमिगत मेट्रोने मरोळ नाका, तिथून घाटकोपर आणि घाटकोपरला अंबरनाथ फास्ट. दुपारची वेळ, बसायला जागा मिळाली. गाडीत गरम व्हायला लागलं तशी तिने हुडी काढली. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट. समोरच्या काकूंनी ठाण्यापर्यंत तिला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "हॉटेलात असतेस का गं? माझ्या पुतण्याचा पण असाच ड्रेस आहे."

"हो काकू," ही म्हणाली.

मी बघतच राहिलो. काकू मुंब्र्याच्या बोगद्यापर्यंत पुतण्याच्या पगाराबद्दल बोलत होत्या आणि ही मन लावून ऐकत होती. नंतर मला हळूच म्हणते, "मामा, पायलट म्हटलं असतं तर कल्याणपर्यंत मुलाखत. भीती वाटते का, लग्न झालं का, पगार किती."

मला मात्र गंमत वाटली. दोन बोटं रुंदीचे सोनेरी पट्टे काढले की बाकी उरतो तो कपडा वेटरचाही असतो आणि लग्नातल्या बँडवाल्याचाही.

आपल्या लोकलमध्ये असे अर्धे गणवेश किती असतात ते एकदा बघायला लागलं की बघतच राहावं. पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर चढवून, कडक उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेली नर्स. काळा कोट घडी घालून हातावर टाकलेला वकील. (कोट अंगात असला की लोक त्याला टीसी समजून उगाच पास चाचपतात.) खुद्द टीसी कोट बॅगेत घालून बसला की मात्र कुणाच्या बापाला कळत नाही. सिक्युरिटी गार्डचा निळा शर्ट तर प्लॅस्टिकच्या पिशवीतच असतो, डब्याच्या बाजूला. तो बिचारा गेटवर पोचल्यावर गार्ड होतो आणि गेटवरच परत माणूस होतो.

ठाकुर्लीच्या सुमारास दाराजवळच्या सीटवर एकजण पेंगत होता. अंगात चौकड्यांचा शर्ट, खाली खाकी पँट.

"रिक्षावाला?" भाचीने विचारलं.

"पोलीस," मी म्हटलं.

"कशावरून?"

"बूट बघ."

तांबडे बूट. खाकी पँट रिक्षावाल्याची असते, कंडक्टरची असते, पोस्टमनचीही असते. पण ते तांबडे बूट आणि मानेवर बारीक कापलेले केस हे दोन्ही लपत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेहतीस-चौतीस वर्षं आमच्या घरात दाराच्या मागे ते बूट होते आणि खुंटीला तो चौकड्यांचा शर्ट.

अण्णा मुंबई पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले आणि हवालदार म्हणून २००९ ला रिटायर झाले. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. पोलीस लाइनीत खोली मिळेना आणि अंबरनाथ परवडत होतं, म्हणून बुवापाड्यात आलो, ते तिथलेच झालो. तेव्हा चाळ होती, आता त्याच जागी इमारत आहे, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. अण्णा लागले तेव्हा शिपायांना हाफ पँट होती. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'मध्ये आहे तशी. आई सांगते, त्या काळी अर्धी वर्दी हा प्रकारच शक्य नव्हता. वरून काहीही घाला, खाली हाफ पँट आणि पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या बघून अख्खा डबा ओळखायचा. फुल पँट आली आणि अण्णांची सुटका झाली.

तेव्हापासून त्यांचं ठरलेलं. ड्युटी संपली की वर्दीचा शर्ट काढायचा, नीट घडी घालायची, वर्तमानपत्रात गुंडाळून रेक्झिनच्या पिशवीत, त्यावर टोपी उलटी आणि त्यावर डबा. अंगात चौकड्यांचा शर्ट. खाकी पँट आणि बूट तसेच. सकाळी जातानाही तेच. वर्दीतले पूर्ण अण्णा आम्ही मुलांनी फार कमी वेळा बघितले. १५ ऑगस्ट, आणि कधी इकडेच कुठे बंदोबस्त लागला तर. शाळेत मी सांगायचो माझे वडील पोलीस आहेत, तर पोरं म्हणायची, हट्, ते तर रिक्षावाले आहेत.

आईचं स्पष्टीकरण सोपं होतं. शर्ट दोनच. कांजी घालून, इस्त्री करून ठेवलेला शर्ट गर्दीत चुरगळतो, घामाने पिवळा पडतो, बटण तुटतं, नावाची पट्टी हरवली तर भरून द्यावी लागते. हे सगळं खरंच होतं. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो.

आता जे लिहितोय ते ताईला माहीत नाही. ताई, तू हे वाचशील तेव्हा आधी मला फोन कर, अण्णांना नको.

१९८९ची दिवाळी. मी अकरा वर्षांचा. अण्णांनी मला दादरला बोलावून घेतलं होतं, शेजारच्या काकांबरोबर गेलो. कपडे घेतले, अण्णांना चौकड्यांचा नवीन शर्टही घेतला. परतीला अंबरनाथ गाडी, सेकंड क्लास, रात्रीचे नऊ-साडेनऊ झाले असतील. ठाण्याला चारपाच जण चढले आणि पत्ते खेळायला जागा हवी म्हणून खिडकीतल्या एका म्हाताऱ्याला उठायला सांगितलं. तो उठला नाही. शिवीगाळ झाली, मग एकाने त्याच्या तोंडावर मारलं. चष्मा खाली पडला. कुणाचा तरी पाय पडला त्यावर.

अण्णा पलीकडच्या बाकावर होते, मी त्यांना टेकून. त्यांचे डोळे मिटलेले होते. पण झोपलेला माणूस टेकला की त्याचं अंग सैल लागतं, त्यांचं तसं लागत नव्हतं.

म्हातारा खाली वाकून काचा गोळा करत होता. त्याला अण्णांचे बूट दिसले. तिथूनच त्याने वर बघितलं. पँट, मग चौकड्यांचा शर्ट, मग तोंड. "साहेब," तो म्हणाला. "तुम्ही पोलीस ना, साहेब?"

सगळा डबा आमच्याकडे बघायला लागला. ते चौघे-पाच जणही.

अण्णांनी डोळे उघडले. म्हणाले, "माझी ड्युटी संपली."

कुणीतरी हसलं. पत्तेवाल्यातला एकजण म्हणाला, "झोपा मामा, झोपा." पोलिसाला मामा म्हणतात हे मला तेव्हा माहीत होतं, पण माझ्या वडलांना कुणी तसं म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. म्हातारा कल्याणला उतरला. आम्ही अंबरनाथला उतरलो आणि विम्को नाक्यावरून चालत घरी आलो. रस्त्यात अण्णांनी मला शेंगदाणे घेऊन दिले. मी खाल्ले नाहीत, खिशात ठेवले. ते बोलले नाहीत, मीही नाही.

एवढंच झालं. तसं बघितलं तर फार मोठं काही नाही. पण तो चौकड्यांचा शर्ट त्यानंतर मला बघवेना.

पुढे कॉलेज संपल्यावर मी एमपीएससीचा अभ्यास करत होतो, तेव्हा मुंबई पोलीस कायदा हाताला लागला. १९५१चा, आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या कलम २८ मध्ये लिहिलंय की पोलीस अधिकारी नेहमीच कर्तव्यावर आहे असं मानलं जाईल. नेहमीच! झोपेत, गाडीत, पोराला घेऊन दिवाळीची खरेदी करून येताना. मला ते कलम वाचून आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. सापडले अण्णा, असं वाटलं. वीस-एकवीसचं वय होतं, त्या वयात बापाविरुद्ध कायदा सापडणं म्हणजे काय ते ज्यांना सापडलाय त्यांनाच कळेल. मी त्यांना कधी बोलून मात्र दाखवलं नाही.

गंमत अशी की उलटं करणाऱ्याला शिक्षा आहे. पोलीस नसताना फसवायच्या हेतूने पोलिसाची वर्दी घातली तर पूर्वी भारतीय दंडविधानाचं कलम १७१ लागायचं, आता न्याय संहितेचं २०५ लागतं. खऱ्या पोलिसाने घरी जाताना शर्ट काढला तर काय, याचं कलम दंडविधानात नाही. आणि काढला तरी काय? खालच्या कायद्याने पँट वर्दीतच आहे.

पूर्ण वर्दीत अण्णा लोकलने प्रवास करताना मी बघितले ते २००८ साली. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर. त्यांची नोकरीची शेवटची काही महिने उरली होती. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात नुसती काठी असताना कसाबच्या बंदुकीला जाऊन भिडले आणि गेले. ते केडंब्याचे, आमच्याच साताऱ्याकडचे. अण्णा त्यांना ओळखत होते असं मी म्हणणार नाही, पण त्या आठवड्यात अण्णा जेवताना बोलत नव्हते. आणि एके दिवशी सकाळी ते टोपीसकट, नावाच्या पट्टीसकट, दंडावरच्या तीन फितींसकट घरातून निघाले. आई म्हणाली, शर्ट खराब होईल. होऊ दे म्हणाले.

त्या दिवसांत मीही त्याच गाडीने जायचो. अंबरनाथला डब्यात शिरल्याबरोबर खिडकीतला एक तरुण उठून उभा राहिला. "बसा साहेब." अण्णा बसले. कुणीतरी चहा विचारला. एका बाईने लहान मुलाला त्यांच्याकडे बोट करून दाखवलं. अण्णा ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखे. कुर्ल्यापर्यंत तसेच. मला वाटलं, आता यांना हेच आवडणार.

संक्रांतीच्या आत चौकड्यांचा शर्ट परत आला. गाडीतली खिडकीची जागा त्याच्या आधीच गेली होती.

तर गेल्या महिन्यातली ती रात्र. जेवणं झाली, ताई आणि आई आत आवराआवर करत होत्या. अण्णा गॅलरीत खुर्चीवर, भाची खाली त्यांच्या पायाशी बसलेली. तिला काय आठवलं कोण जाणे, म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण युनिफॉर्मचा शर्ट काढून यायचात ना? मामा सांगत होता."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "शर्ट चुरगळतो गर्दीत."

"आमचा पण चुरगळतो. पण मी काही त्यासाठी नाही काढत."

अण्णा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "शर्टावर नाव असतं. पँटला नाव नसतं."

भाची हसली. तिने आत जाऊन पट्टे आणले आणि त्यांच्या हातावर ठेवले. अण्णांनी चष्मा लावून मोजले. "तीन? मग आपण दोघे एकाच हुद्द्याचे की. हवालदार!" तिने सांगितलं की कॅप्टन झाले की चार होतील, अजून बरेच तास उडवायचे आहेत. अण्णांना तासांचं कुतूहल वाटलं. किती तास ड्युटी, किती सुट्टी. ती सांगत होती: आता आठवड्याची सलग विश्रांती ४८ तासांची द्यावी लागते, पूर्वी ३६ होती. रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा आहेत. दारूचा थेंब आदल्या बारा तासांत चालत नाही. प्रत्येक तास लिहिलेला.

"आणि नाही दिली विश्रांती तर?"

"तर मी विमान उडवू शकत नाही. कायदाच आहे."

अण्णा हसले. फार वेळ हसले, खोकला येईपर्यंत. "आमचं उडायचं," म्हणाले.

गणपतीत त्यांचे दिवस कसे जायचे ते मग त्यांनी सांगितलं. एरवी बारा तास ठरलेले, जाऊन येऊन तीन तास गाडीत. विसर्जनाला सकाळी उभे राहिले की दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी. ९२-९३ ला तर चार चार दिवस घरी नाही. मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला तो २०१६ साली. अण्णा तेव्हा रिटायर होऊन सात वर्षं झाली होती. पेपरातली ती बातमी त्यांनी कापून ठेवलेली मला आठवते. का ठेवली होती ते मी विचारलं नव्हतं.

"चोवीस तास उभं राहिल्यावर माणूस वर्दीत असला काय नि नसला काय," ते म्हणाले. "पण गाडीतल्याला ते कसं कळणार? त्याला वाटतं आत्ताच आलाय हा, ताजा."

मग मी विचारलं. कसं ते कळलं नाही, पण विचारलं. म्हटलं, अण्णा, एकोणनव्वदच्या दिवाळीत आपण दादरहून येत होतो, गाडीत एका म्हाताऱ्याला मारलं होतं, आठवतं का?

"कुठला म्हातारा?"

मी सांगितलं. ठाणे, पत्ते, खिडकी. चष्मा सांगितला. 'माझी ड्युटी संपली' हे सांगितलं नाही, ते गिळलं. भाची माझ्या तोंडाकडे बघत होती.

अण्णांनी खूप वेळ आठवायचा प्रयत्न केला. "नाही रे," म्हणाले. "असे किती असायचे. रोजचं होतं ते. एखाद्या दिवशी उठायचो, एखाद्या दिवशी नाही." मग थोड्या वेळाने, "तू होतास बरोबर?"

"हो."

"मोठा होतास?"

"अकरा."

त्यांनी नुसती मान हलवली आणि पट्टे भाचीला परत दिले. आतून ताईने झोपायला जायची हाक मारली.

छत्तीस वर्षं मी जे जपून ठेवलं होतं, ते त्यांच्याकडे नव्हतंच. मला राग आला की हलकं वाटलं, अजून ठरवता आलेलं नाही. रात्री झोप मात्र लागली नाही. आतल्या खोलीत अण्णाही दोनदा उठल्याचं ऐकू आलं, पण ते या वयात उठतातच.

भाचीचं सकाळचं विमान होतं. साडेतीनला टॅक्सी. मी उठलो तेव्हा ती तयार होती, पूर्ण. टाय, पट्टे, केसांचा घट्ट अंबाडा. म्हटलं, आत्तापासून कशाला, हुडी घाल की वरून. म्हणाली, "आजोबांनी सांगितलं, पूर्ण बघायचंय."

अण्णा स्वेटर घालून उभे होते. त्यांनी तिला दिव्याखाली उभं केलं. डावा पट्टा जरा पुढे सरकला होता तो मागे ओढला. कॉलर बघितली, मग खाली बूट बघितले. आईला म्हणाले, ब्रासो आहे का गं? आई म्हणाली, तिच्या कपड्याला पितळ आहे कुठे! जिन्यात वरच्या मजल्यावरचा मुलगा नाइट करून येत होता, तो तिला बघून भिंतीला चिकटून उभा राहिला आणि वाट दिली.

टॅक्सी गेली. गल्लीच्या वळणापाशी तिने आतला दिवा लावला आणि ती हुडी अंगात चढवताना दिसली.

आम्ही दोघे खालीच उभे होतो. दूधवाला यायला वेळ होता. अण्णा वर जायला वळले, पहिल्या पायरीवर थांबले आणि कठड्याला धरून मागे न बघता म्हणाले,

"चष्मा फुटला होता का रे त्याचा?"

"एक काच," मी म्हटलं.

"एकच ना?"

"हो. एकच."

मग ते सावकाश जिना चढायला लागले. मी मागून होतो, तोल गेला तर धरायला.